नजरेला चढणारा गंज

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करताना डॉक्टरांचे खरे काम दुर्बीण आत घालताना होत नाही, ती बाहेर काढताना होते. नळी आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली की ती हळूहळू मागे ओढत, आतड्याची एकेक घडी उलगडत, कोपरा न् कोपरा बघत यायचे. हा परतीचा प्रवास किमान सहा मिनिटांचा तरी असावा, असा दंडक आहे. या सहा-आठ मिनिटांत डॉक्टर पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहूनही लहान गाठी शोधत असतात. त्यातल्या ‘ॲडेनोमा’ प्रकारच्या गाठी आज निरुपद्रवी असतात, पण काहींचे पुढे काही वर्षांत कर्करोगात रूपांतर होते. तपासणीच्या वेळीच गाठ खुडून काढली की तो धोका तिथेच संपतो.

गाठ दिसली तर! काही गाठी उंचवट्यासारख्या असतात, त्या पटकन कळतात. काही मात्र आतड्याच्या अस्तराला चिकटून सपाट पसरलेल्या असतात, रंगही जवळपास तोच. म्हणून डॉक्टरची नजर किती तयार आहे हे मोजण्यासाठी एक साधा आकडा वापरतात. शंभर रुग्ण तपासले तर त्यातल्या किती जणांमध्ये निदान एक ॲडेनोमा सापडला? याला ॲडेनोमा शोधण्याचे प्रमाण म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेत तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास झाला. त्यात हे प्रमाण एका टक्क्याने जास्त असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. म्हणजे हा आकडा फक्त डॉक्टरांच्या प्रगतिपुस्तकातला नाही, तो रुग्णाच्या आयुष्याशी बांधलेला आहे.

गेल्या काही वर्षांत या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आली. दुर्बिणीचे चित्र संगणक त्याच क्षणी वाचतो आणि संशयास्पद जागा दिसली की पडद्यावर तिच्याभोवती चौकट काढतो. डॉक्टरांचे लक्ष जरा इकडेतिकडे झाले तरी चौकट चमकते. अनेक चाचण्यांत या मदतीमुळे जास्त गाठी सापडल्या. इथपर्यंत सगळे छानच होते.

मग पोलंडमधल्या डॉक्टरांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. यंत्र सोबत असताना काय होते हे कळले, पण यंत्राची सवय लागल्यावर ते बाजूला काढले तर काय होते?

तिथल्या चार केंद्रांमध्ये २०२१ च्या अखेरीस ही एआय प्रणाली बसवली गेली. ती सगळ्याच तपासण्यांना वापरली जात नव्हती. काही तपासण्या तिच्यासह, काही तिच्याविना होत. संशोधकांनी यंत्र येण्यापूर्वीच्या तीन महिन्यांतल्या आणि आल्यानंतरच्या तीन महिन्यांतल्या फक्त यंत्राविना झालेल्या तपासण्या बाजूला काढल्या. एकूण १,४४३ रुग्ण. यंत्र येण्यापूर्वी ॲडेनोमा शोधण्याचे प्रमाण २८.४ टक्के होते. यंत्र आल्यानंतर, यंत्र बंद असताना, ते २२.४ टक्क्यांवर आले. तपासणारे डॉक्टर १९, आणि त्यातला एकही नवखा नव्हता. प्रत्येकाने आयुष्यात दोन हजारांहून अधिक कोलोनोस्कोपी केलेल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या पोटविकारविषयक नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात खळबळ उडाली.

शंभरात सहा. या सहा जणांना ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते, आणि स्वच्छ अहवाल हातात असलेला माणूस पुन्हा कित्येक वर्षे तपासणीच्या वाटेला जात नाही.

या अभ्यासाला मर्यादा आहेत, त्या लपवण्याचे कारण नाही. ही चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेली चाचणी नव्हती. यंत्र आल्यानंतर केंद्रांवरच्या तपासण्यांची संख्या बरीच वाढली होती. थकव्यानेही नजर मंदावते. कोणत्या रुग्णासाठी यंत्र वापरायचे आणि कोणासाठी नाही, यातही फरक पडलेला असू शकतो. त्यामुळे या एका अभ्यासावरून एआयने डॉक्टरांची नजर बिघडवली असा निकाल देणे घाईचे ठरेल. पण तीन महिन्यांत, तेही मुरलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत, असे काही दिसू शकते, एवढेही विचार करायला पुरेसे आहे.

असे का व्हावे, हे समजायला नजरेचे काम समजून घ्यायला हवे. पाहणे म्हणजे डोळे उघडे ठेवणे नव्हे. तयार झालेली नजर चित्रावर एका ठरावीक शिस्तीने फिरते, कडा धुंडाळते, शंका आली की परत येते. ही शिस्त शरीरात मुरलेली असते. टायपिंग करणाऱ्याची बोटे किंवा पोळ्या लाटणारीचा हात असावा तशी. चौकट आपोआप येणार हे एकदा मनात बसले की नजरेचा हा फेरफटका आखडतो. ती पडद्याच्या मधोमध स्थिरावते आणि बोलावणे येण्याची वाट बघते. चौकट आली तर बघायचे, नाही आली तर पुढे जायचे. मग एके दिवशी यंत्र बंद असते, पण नजर अजून वाट बघतच असते.

दुसरी अडचण आणखी नाजूक आहे. यंत्र चुकते तेव्हा माणूस त्याला अडवतो का? जर्मनीत कोलोन इथे झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचायला दिले. सोबत एआयचे मत दिले होते. ते मत प्रत्यक्षात संशोधकांनीच रचलेले होते, आणि काही ठिकाणी मुद्दाम चुकीचे होते. यंत्राचे मत बरोबर असताना नवख्या डॉक्टरांची जवळपास ८० टक्के उत्तरे बरोबर आली. यंत्राचे मत चुकीचे असताना हे प्रमाण २० टक्क्यांवर घसरले. नवखे आहेत, चालायचेच, असे म्हणावे तर सर्वांत अनुभवी डॉक्टरही ८२ टक्क्यांवरून साधारण ४५ टक्क्यांवर आले. डोळ्यांसमोर चित्र तेच होते. कानात कोणीतरी चुकीचे उत्तर कुजबुजले, एवढाच फरक.

वैद्यकात हा विषय नवा असला तरी विमानवाहतुकीत तो चांगला चाळीस वर्षे जुना आहे. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये यावर एक छोटा निबंध लिहिला, तो आजही अभ्यासक उद्धृत करतात. त्यांचा मुद्दा असा: आपण सोपे आणि नेहमीचे काम यंत्राकडे देतो आणि यंत्राला न जमणारे अवघड प्रसंग माणसासाठी राखून ठेवतो. पण अवघड प्रसंगात हात चालण्यासाठी लागणारा सराव त्या नेहमीच्या कामातूनच मिळत असतो. यंत्र जितके भरवशाचे, तितका माणसाचा सराव कमी. आणि यंत्र हात टेकते तो क्षण तर नेमका सर्वांत कठीण.

१ जून २००९ च्या रात्री एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरावर असताना त्याच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साठला. वेगाचे आकडे विसंगत येऊ लागताच ऑटोपायलट आपणहून बंद झाला आणि नियंत्रण वैमानिकांच्या हाती आले. विमान तोवर ठीकठाक उडत होते. पण गोंधळलेल्या वैमानिकाने नाक वर खेचले, ते खेचलेलेच ठेवले, आणि पंखांचा आधार सुटून विमान साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात कोसळले. २२८ माणसे गेली. त्या दुर्घटनेला अनेक कारणे होती, पण तेवढ्या उंचीवर, वेगाचे आकडे भरवशाचे नसताना, हाताने विमान सांभाळण्याचा सराव वैमानिकांना नव्हता, हे त्यातले एक. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने कंपन्यांना सूचना काढली की योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान उडवायला उत्तेजन द्या. ऑटोपायलट कोणी काढून टाकला नाही. त्याच्यामुळे प्रवास सुरक्षितच झाला आहे. फक्त हात चालू ठेवण्याची सोय करावी लागली, आणि त्यासाठी वेळ आणि पैसा बाजूला काढावा लागला. वैमानिकाला ठरावीक काळाने सिम्युलेटरवर बसून परीक्षा द्यावी लागते. दुर्बीण हाताळणाऱ्या डॉक्टरांसाठी अशी सक्तीची उजळणी जवळपास कुठेच नाही.

एआयमुळे नोकऱ्या जाणार का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. बारावीनंतर मुलाला कुठे घालावे, याच्या काळजीतून तो येतो आणि ती काळजी खोटी नाही. पण डॉक्टरांच्या बाबतीत या प्रश्नाचा एक धडा हाताशी आहे. एआयच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले, पण हे भाकीत फसले. अमेरिकेतल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये रेडिओलॉजिस्टची संख्या त्या भाकितानंतर घटली तर नाहीच, उलट निम्म्याहून अधिक वाढून चारशेच्या पुढे गेली. तपासण्या स्वस्त आणि वेगवान झाल्या की त्या जास्त मागवल्या जातात, आणि अहवालाखाली सही करायला माणूस लागतोच. आपण फार सरसकट बोललो होतो, हे पुढे हिंटन यांनीही मान्य केले.

म्हणजे खुर्ची शाबूत आहे. त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगात काय उरते, हा खरा प्रश्न आहे, आणि पगाराच्या आकड्यांत तो दिसत नाही.

स्वीडनचे उदाहरण घ्या. युरोपात अनेक देशांमध्ये प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात. स्वीडनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एआयने आधी मॅमोग्रामची छाननी केली. कमी धोक्याचे वाटले ते एकाच डॉक्टरने वाचले, जास्त धोक्याचे दोघांनी. वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी वाढले. स्त्रियांच्या दृष्टीने हे निखळ चांगले आहे. यात खोट काढत बसणे म्हणजे उगीच नाक मुरडणे होईल. तरीही एक हिशेब मांडायला हवा. ब्रिटनमध्ये स्तन तपासणी कार्यक्रमात मॅमोग्राम वाचणाऱ्याने वर्षाला किमान पाच हजार वाचलेच पाहिजेत, असा नियम आहे. कारण निरोगी स्तन किती तऱ्हांनी वेगवेगळे दिसू शकतात हे हजारो बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय बिघडलेला वेगळा दिसत नाही. यंत्राने वाचवलेले तास याच ‘कंटाळवाण्या’ वाचनातले आहेत. ज्याची नजर आधीच तयार आहे त्याला ते तास सुटले तर बरेच. जिची तयार व्हायची आहे, त्या निवासी डॉक्टरने ती कुठे तयार करायची?

विसरणे आणि मुळात न शिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलंडमधल्या डॉक्टरांकडे गंज चढायला धार तरी होती. पहिल्या दिवसापासून चौकट बघत शिकलेल्याच्या बाबतीत धार लागण्याचाच प्रश्न आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतात चित्र एकदम उलटे दिसते, आणि ते तसे दिसणे रास्तही आहे. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे मोलाचा, पण तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीसाठी, एक्स-रे वाचायला माणसाऐवजी संगणक वापरायला मान्यता दिली. त्यासाठी ज्या मोजक्या प्रणाली पारखल्या गेल्या, त्यातली एक मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची होती. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रे आणि एआय वाड्यावस्त्यांवर पोहोचले. यंत्राने संशय घेतला की थुंकीची तपासणी करून खात्री करायची. जिथे वाचणारे कोणीच नव्हते तिथे यंत्र वाचू लागले, तर गमावण्यासारखे काय आहे? काहीच नाही, मिळवण्यासारखेच आहे.

गोंधळ होतो तो एका ठिकाणचा निकष दुसरीकडे लावल्यावर. वस्तीवर उपयोगी पडलेले तेच साधन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आले की तिथे ते पोकळी भरत नाही, शिकणाऱ्याच्या पानातला घास उचलते. सकाळच्या ओपीडीतल्या शेकडो छातीच्या एक्स-रेंवर तर निवासी डॉक्टरांची नजर बसते. त्यावर आधीच लाल-पिवळा ठिपका उमटलेला असेल, तर प्रश्नपत्रिकेसोबत उत्तरपत्रिका मिळाल्यासारखेच झाले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक नव्या साधनाने जुने कौशल्य मारले, त्यात नवीन काय? सोनोग्राफी आल्यावर पोट चाचपून यकृताचा अंदाज घेणारी बोटे मंदावली. इकोने हृदयाच्या कुरकुरी ऐकणारे कान मंदावले. एके काळी वैद्य लघवीची चव घेऊन मधुमेह ओळखत. ते कौशल्य लयाला गेले म्हणून कोणी शोक केल्याचे ऐकिवात नाही! काही कौशल्ये जावीत हेच बरे.

फरक असा की सोनोग्राफीने डॉक्टरांना बघायला नवे चित्र दिले, पण बघायचे काम त्यांच्याकडेच ठेवले. एआय बघण्याचेच काम घेते आणि तरी सही माणसाकडून घेते. एखादे कौशल्य पूर्णपणे यंत्राकडे सोपवले, तर त्याची चूक झाल्यावर माणूस पकडेल हे गृहीत धरणे सोडावे लागते. सध्या रुग्णालये, कंपन्या आणि कायदे, तिघेही दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे आहेत: काम यंत्राचे, शेवटची जबाबदारी डॉक्टरांची. ती जबाबदारी पेलायची तर नजर शाबूत हवी, आणि नजर शाबूत ठेवायची तर यंत्राविना काम करण्याची वेळ राखून ठेवायला हवी. तो खर्च यंत्राच्या किमतीत धरायला हवा.

उपाय फार गूढ नाहीत. आधी डॉक्टरांनी स्वतःचे मत नोंदवायचे, मग यंत्राचे बघायचे. अमेरिकेत १९९८ मध्ये मॅमोग्रामसाठी संगणकाची मदत घ्यायला पहिली परवानगी मिळाली ती याच क्रमाने. दवाखान्याच्या घाईगर्दीत असा क्रम टिकवणे मात्र सोपे नसते, कारण त्यात वेळ जातो आणि वेळ वाचवण्यासाठीच तर यंत्र घेतलेले असते. २०१५ मध्ये सव्वातीन लाख स्त्रियांच्या मॅमोग्रामचा हिशेब लागला तेव्हा त्या जुन्या प्रणालीने निदान सुधारल्याचे दिसले नाही, आणि तोवर तिच्यावर विम्याचा पैसा वर्षानुवर्षे खर्च झाला होता. दुसरा उपाय म्हणजे आठवड्यातले काही तास यंत्र बंद ठेवून काम करणे आणि त्या तासांतले प्रमाण वेगळे मोजणे. घसरण मोजली तरच दिसते. पोलंडमधल्या १९ डॉक्टरांनाही आपली नजर मंदावते आहे असे स्वतःहून जाणवल्याची नोंद नाही. ते आकड्यांनी सांगितले.

रुग्णाच्या हातात यातले काय आहे? भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचाच समावेश आहे, त्यामुळे कोलोनोस्कोपी आपल्याकडे बहुधा तक्रार असल्यावरच होते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत अचानक आणि टिकून राहणारा बदल, कारण न सापडणारा रक्तक्षय, किंवा घरात आई-वडील, भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर मूळव्याध असेल म्हणून अंगावर काढू नये. तपासणी करायची ठरली तर डॉक्टरांना विचारायला हरकत नाही: तुमच्याकडे एआय आहे का, यापेक्षा, तुमचे ॲडेनोमा शोधण्याचे प्रमाण तुम्ही मोजता का? हा प्रश्न उद्धट नाही. चांगल्या केंद्रांवर तो आकडा ठेवलेला असतो.

आणि आदल्या दिवशीचे औषध. आतडे साफ करण्यासाठी दिलेले ते द्रावण चवीला वाईट असते, प्रमाणही भरपूर असते, म्हणून अनेक जण शेवटचा ग्लास मोरीत ओततात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्धा भाग तपासणीच्या दिवशी पहाटे घ्यायला सांगतात, तोही चुकवू नये. मळाखाली दडलेली गाठ तयार नजरेलाही दिसत नाही आणि यंत्राच्या चौकटीतही येत नाही.